मोडेम बसलंय

१२ डिसेंबर २००१

पाहुण्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस. वाईट बातमी नाही. जी वाईट व्हायची होती ती होऊन गेली.

फोन केला नाही, कारण तुझ्या खोलीवर फोन नाही आणि माझ्याकडे कान नाहीत. माझ्या टायपिंग क्लासात तीस वर्षं बावीस टाइपरायटर एका खोलीत खडखडत होते, त्यांनी ते खाल्ले. उजव्याने थोडंफार ऐकू येतं, डावा नुसता शोभेला. शिवाय मला विचारायचंय ते कानाचं कामच नाही. डोळ्याने वाचून बोटाने करायचं आहे.

खिळ्याचा कॉम्प्युटर त्याच्या टेबलावर तसाच आहे. तो कामाला होता ती प्रेस बंद पडल्यापासून आठ महिने माझा मुलगा त्या पडद्यासमोरच बसून होता, हे तुला माहीत आहे. तुम्ही दोघा दोस्तांनी मिळून त्यात ती फुकटची सिस्टिम घातली होती, लिनक्स. टेलिफोनची वायर अजून मागे खोचलेली आहे. पण तो गेला त्याच्या आधीच्या शनिवारी इंटरनेट बंद पडलं, ते बंदच आहे. "मोडेम बसलंय," असं काहीतरी तो म्हणत होता.

आता ज्यांच्याकडे त्याचं खातं आहे त्यांची चिठ्ठी आली आहे. ३१ मार्चला वर्ष संपतं, मग त्याची पेटी पुसून टाकणार. ऑक्टोबरपासूनचं त्याचं टपाल त्यांच्याकडे पडून असेल. पासवर्ड मला ठाऊक नाही, तो त्या मशिनलाच ठाऊक आहे. म्हणजे याच मशिनमधून ते काढलं पाहिजे.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघून त्याने हात झटकले. म्हणाला, "मावशी, हे असलं चालायचं नाही. सगळं पुसून नवीन टाकून देतो." त्याला तसाच वाटेला लावला.

मला काय हवंय ते सांगते. रविवारी तो मला म्हणाला, "उद्या एक काम आहे, संध्याकाळी येतो." कसलं काम विचारलं तर म्हणाला, "आल्यावर सांगतो." सोमवारी सकाळी सहाला मोटरसायकल काढली. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. आठच्या सुमारास पुलापलीकडच्या वळणावर तो ट्रक. कुठे निघाला होता ते कोणालाच माहीत नाही. कदाचित त्या टपालात असेल.

तू मोठ्या कंपनीत आहेस, तुला हे सगळं येतं. मला फक्त काय टंकायचं ते लिहून पाठव. एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही याची हमी माझी.

तुझी मावशी


२१ डिसेंबर २००१

ती. मावशी,

नमस्कार. पत्र पोचलं. ऑफिसात वर्षअखेरीची धावपळ असल्याने उत्तराला उशीर झाला, रागावू नका.

घाबरण्यासारखं काही नाही. खिळ्याने घेतलेलं मोडेम स्वस्तातलं आहे. त्यातलं निम्मं काम मोडेम करतं आणि निम्मं कॉम्प्युटरवर ढकलतं. ते निम्मं काम ज्या प्रोग्रॅमने होतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि ड्रायव्हर त्या कर्नलच्या मापाचाच लागतो. कर्नल बदलला की जुना ड्रायव्हर बसत नाही, जसं एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

मशिन सुरू करून काळ्या खिडकीत पुढचं टंका, आणि खाली जे उमटेल ते जसंच्या तसं कळवा:

uname -r
lspci

त्या दिवशी तो कुठे निघाला होता, मलाही माहीत नाही. मला काही बोलला नव्हता.

एक विचारायचं होतं. मोडेम शनिवारीच बंद पडलं होतं, हे नक्की का? रविवारी नाही? जरा आठवून बघा.

प्रकृतीची काळजी घ्या.

तुमचा पाहुणा


२९ डिसेंबर २००१

पाहुण्या,

पहिल्या ओळीचं उत्तर: 2.4.9. त्यापुढे एक आडवी रेघ आणि 13. दुसऱ्या ओळीचं उत्तर अकरा ओळींचं आहे, वेगळ्या कागदावर टाइप करून जोडलं आहे. विरामचिन्हांसकट ताडून पाहिलं आहे. कर्नल म्हटल्यावर मला आधी लष्करातलाच वाटला. म्हटलं, आमच्या घरात हा कुठून आला.

शनिवारीच. दुपारची जेवणं झाल्यावर. तो आत बसला आणि चारला मी चहा नेला तेव्हा वायर काढ-घाल करत होता. रविवारी दिवसभर मशिनला हात लावला नाही. पण तारखेवर तुझा एवढा भर का, ते मला कळलं नाही.

तुला सगळं सांगितलं नव्हतं, आता सांगते. इथे लोक बोलतात. माझ्या तोंडावर बोलतात, कारण बहिरी म्हणजे मुकी आणि आंधळीही असं त्यांना वाटतं. मला ओठ वाचता येतात. जिन्यातली शेजारीण तिच्या नणंदेला म्हणत होती, "रस्त्यावर ब्रेकची खूणच नव्हती म्हणे. आठ महिने घरी बसलेला पोरगा, अजून काय करणार?"

मी घरात येऊन दार लावलं आणि त्याचे बूट काढून बघितले. परत मिळालेल्या सामानात ते आहेत. पॉलिश अजून आहे, एकाच बाजूला खरचटलंय. ज्याला जीव द्यायचाय तो बूट पॉलिश करतो का? मी स्वतःला सांगते, नाही करत. मग वाटतं, माझा करेल. तो काहीही नीटनेटकंच करायचा.

हे मनात घेऊन मला जगता येणार नाही, पाहुण्या. हो की नाही, काय ते कळू दे.

मावशी


१४ जानेवारी २००२

ती. मावशी,

तुमचं पत्र वाचलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. खिळ्या तसा नव्हता. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. कशावरून ते विचारू नका, मला माहीत आहे एवढंच.

सोबत फ्लॉपी पाठवत आहे. तिच्यात ड्रायव्हर तयार करून ठेवला आहे. मागच्या कागदावर चार ओळी लिहिल्या आहेत, त्या क्रमाने टंका. फ्लॉपीवर चुंबक किंवा ऊन लागू देऊ नका.

ऑफिसातून हे काम चोरून करावं लागतं, त्यामुळे वेळ लागला.

तुमचा पाहुणा


२२ जानेवारी २००२

पाहुण्या,

फ्लॉपी धडधाकट पोचली. चारही ओळी टंकल्या. चौथीला मशिन म्हणालं की हा ड्रायव्हर 2.4.7 साठी बांधला आहे आणि तुमचा कर्नल 2.4.9 आहे. म्हणून तो बसवता येणार नाही.

मी तुला नऊ लिहून पाठवलं होतं. माझ्याकडे प्रत आहे, मी कोणतंही पत्र प्रत ठेवल्याशिवाय पाठवत नाही. तू सातची फ्लॉपी पाठवलीस. मी हजारो पोरांचे पेपर तपासले आहेत. घाईत बोट घसरलं की शेजारचं बटण लागतं. सात आणि नऊ शेजारी नाहीत.

असो. होतं कधीकधी. कामाच्या रगाड्यात झालं असेल. परत पाठव, पण लवकर. महिने दोनच उरले आहेत.

मावशी


९ फेब्रुवारी २००२

ती. मावशी,

माफ करा. चूक माझीच.

मी तुम्ही पाठवलेल्या त्या अकरा ओळी इथल्या एका जाणकाराला दाखवल्या. त्याचं म्हणणं, कार्डच जळलेलं आहे. टेलिफोनच्या तारेतून वीज आली की असं होतं. तसं असेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर घाला, ते चालणार नाही. नवीन कार्ड आता त्या मशिनला मिळायचं नाही.

मावशी, मुलासारखा आहे म्हणून बोलतो. सोडून द्या. पेटीत जाहिराती असतील, प्रेसवाल्यांची दोन-चार पत्रं असतील. गेलेल्याचं टपाल उघडून काय हाती लागणार? तो अपघात होता. ट्रकवाल्याची चूक होती. तुम्ही एवढंच धरून चाला.

तुमच्या हातचं चार वर्षं जेवलो आहे. तुम्हाला त्रास व्हावा असं मला कधी वाटणार नाही.

तुमचा पाहुणा


३ मार्च २००२

पाहुण्या,

कार्ड जळलेलं नाही.

तुझं पत्र आल्यावर आठवडाभर मीही सोडून दिलं होतं. मग टेबलाचा खण आवरताना त्याची वही सापडली. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात: "शनि. २९. कर्नल बदलला, मोडेम बसलं. ड्रायव्हर पुन्हा बांधणे. सोर्स घरातल्या फोल्डरमध्ये, हेडर सीडी नं. २ वर." म्हणजे शुक्रवारपर्यंत तेच कार्ड चालत होतं. वीज कुठे पडली नव्हती, त्या आठवड्यात ढगही नव्हते.

मी तो फोल्डर शोधला. सोर्स म्हणजे ज्यातून ड्रायव्हर बांधतात तो मजकूर, आणि हेडर म्हणजे कर्नलचं माप, एवढं मला त्यातून कळलं. त्यात एक कागद असतो, वाचा म्हणून. इंग्रजीत आहे, रुक्ष आहे, पण सरकारी पत्रांपेक्षा कितीतरी सरळ. नऊ दिवस लागले. कुठल्या ओळीला मशिन काय म्हणालं ते मी समोरासमोर दोन रकान्यांत लिहीत गेले. सीडी नंबर दोन त्याच्या स्वेटरच्या कपाटात निघाली. सहाव्या दिवशी पहिल्यांदा ड्रायव्हर बांधला गेला, पण बसेना. नवव्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, बसला.

मोडेम फोन लावताना ओरडतं म्हणतात. मला ऐकू आलं नाही. डब्याच्या अंगावर हात ठेवला तर आतून थरथर येत होती, अर्धा मिनिट, मग थांबली. आणि पडद्यावर आलं, जोडलं गेलं आहे.

एकशे चौदा पत्रं आली. जाहिराती होत्या, तू म्हणालास तशा. त्यात तुझं एक होतं. रविवार, ३० सप्टेंबर: "मुलाखत रद्द झाली. उद्या येऊ नकोस, मी कळवेन." मग मी आधीची, त्याने वाचलेली, चाळली. शुक्रवारी, २८ तारखेला, तुझंच: "सोमवारी दहा वाजता मुलाखत. तिसरा मजला. साहेबांशी बोललोय, काम झाल्यात जमा आहे."

मला आता कळतंय तू शनिवार-रविवार का विचारत होतास.

पाच महिने. पाच महिने मी त्याचे बूट हातात घेऊन बसले होते. तुला ठाऊक होतं तो कुठे निघाला होता. एक ओळ पुरली असती. तू मला लिहिलंस, "मलाही माहीत नाही." सातची फ्लॉपी पाठवलीस. कार्ड जळलं म्हणालास. मुलाखत रद्द झाली यात तुझा काय दोष होता की तू हे केलंस? मला समजत नाही, आणि न समजता मी तुला शिव्याही देऊ शकत नाही.

आणखी एक. जोडणी झाल्याबरोबर मशिनने आधी एक पत्र बाहेर पाठवलं, मग बाकीची आत घेतली. जाण्यासाठी थांबलेलं होतं, शनिवारचं. पत्ता तुझा. त्याची प्रत इथे मशिनमध्ये आहे. ती मी उघडलेली नाही. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, पण ज्याचं नाव वर आहे त्याच्याआधी कधी कोणाचं वाचलं नाही. त्याला आलेली मी वाचली, कारण तो नाही. तू आहेस.

त्यात काय आहे ते कळव. या वेळी खरं.

मावशी


११ मार्च २००२

मावशी,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी मी सायबर कॅफेत गेलो. तिथे जावं लागतं, कारण मला ऑफिस नाही. गेल्या जूनमध्ये एका दिवसात आमच्यातल्या चाळीस जणांना काढलं. त्यात मी होतो.

कोणाला सांगितलं नाही. घरी नाही, तुम्हाला नाही, खिळ्याला नाही. रोज सकाळी टाय बांधून निघायचो आणि वाचनालयात बसायचो. आता एका गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवतो.

खिळ्या दर आठवड्याला विचारायचा, माझ्या अर्जाचं काय झालं. त्याचा अर्ज मी मे महिन्यातच साहेबांना द्यायचा होता. उद्या देऊ म्हणता म्हणता माझीच खुर्ची गेली. तरी मी लिहीत राहिलो की दिलाय, बघतायत, होईल. सप्टेंबरच्या शेवटी त्याने लिहिलं, "हो की नाही ते एकदा सांग, म्हणजे आईला तोंड दाखवता येईल." तेव्हा त्या खोलीत बसून मी मुलाखत ठरवली. मजला पण ठरवला. रविवारी भानावर आलो आणि रद्द केली. मुलाखत कधी नव्हतीच, मावशी.

मंगळवारी बातमी कळली. मला वाटलं त्याने रविवारचं वाचलं असेल आणि तरी दुसऱ्याच कशासाठी तरी निघाला असेल. त्याच्या आधारावर मी जेवत होतो, झोपत होतो. तुमच्या पहिल्या पत्रात "शनिवारी" हा शब्द वाचला आणि तो आधार गेला. त्यानंतर मला फक्त तुमचं मशिन चालू होऊ द्यायचं नव्हतं. सातची फ्लॉपी मुद्दाम पाठवली. कार्डाचं मुद्दाम लिहिलं. कुठलाही जाणकार नव्हता.

कॅफेत पेटी उघडली तर सगळ्यात वर त्याचं नाव, ठळक अक्षरात, न वाचलेलं. मी उठून रस्त्यावर गेलो. परत आलो तर माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं होतं, ते उठेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो. खाली त्याचं पत्र आहे. एकही शब्द गाळलेला नाही. तुमच्याकडे प्रत आहेच, ताडून बघा.

"पाहुण्या,

मुलाखतीचं तुझं पत्र काल मिळालं. कोणत्या जिन्याने यायचं ते विचारावं म्हणून आज सकाळी तुझ्या ऑफिसात फोन केला. बाई म्हणाली, या नावाचे इथे आता नाहीत, जूनमध्येच गेले. तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा तीच मला समजावायला लागली.

खरं सांगू? चिडलो. तासभर भिंतीला शिव्या दिल्या, तुझ्या सात पिढ्या काढल्या. मग तुझी जुनी पत्रं उघडून बसलो. जूनपासून प्रत्येक पत्रात तू ऑफिसच्या कॅन्टीनचं वर्णन केलंयस. त्याआधी दोन वर्षांत एकदाही नाही. गाढवा, तेव्हाच कळायला हवं होतं मला.

चार महिने काय खाल्लंस? बोलतोस तरी का कोणाशी? मला आठ महिने झाले, मला माहीत आहे हे कसं असतं. पण मला बाजूच्या खोलीत आई आहे. तुला तिथे कोण आहे?

सोमवारी येतोय. मुलाखतीला नाही, तुझ्याकडे. दहा वाजता तू त्या कंपनीच्या दारात तोंड लपवत उभा असशील किंवा खोलीवर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला असशील. कुठेही असलास तरी शोधेन. आईला काही सांगत नाही, तिला तुझं कौतुक आहे, ते राहू दे. इस्त्रीचा शर्ट घालून निघेन म्हणजे कामासाठी चाललोय असं तिला वाटेल.

दुपारी हात शिवशिवले म्हणून कर्नल बदलला आणि मोडेम बसलंय. ड्रायव्हर पुन्हा बांधायला बसलो तर उद्याचा दिवस जाईल, आणि मोटरसायकलचं काम काढलंय. परत आल्यावर बघेन. हे पत्र जाईल तेव्हा जाईल. बहुधा त्याच्याआधी मीच पोचेन.

खिळ्या"

एवढंच आहे.

मला काही मागायचं नाही. ब्रेकचं ते लोक बोलतात, त्यांना हे वाचून दाखवा. तुम्हाला तोंड दाखवायची माझी हिंमत नाही.

पाहुणा


१८ मार्च २००२

पाहुण्या,

ताडून बघितलं. शब्दाला शब्द आहे.

जिन्यातल्या शेजारणीला खाली बोलावून पत्र हातात दिलं आणि तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलं. शेवटी ती रडायला लागली. मी नाही रडले. तिच्या ओठांकडे बघायचं होतं.

तासभर भिंतीला शिव्या दिल्या म्हणतो. त्या भिंतीच्या अलीकडे मी बसले होते. पोरांचे जुने पेपर रद्दीला बांधत होते. मला काही कळलं नाही. चारला चहा घेऊन गेले तर माझ्याकडे बघून हसला. हे मी कोणाला सांगू, तुलाच सांगते.

तुला माफ केलं असं धरून चालू नकोस. तू नुसता खोटं बोलला असतास तर कदाचित जमलं असतं. पण मी हो की नाही विचारत होते आणि तू मला सातची फ्लॉपी पाठवलीस. ते मला जमेल असं वाटत नाही, आणि माझ्या वयात आता शिकेन असंही नाही.

त्याचं खातं ३१ला बंद होईल. सगळी पत्रं छापून घेतली आहेत. दोन बाडं झाली.

तू शेवटचं नीट कधी जेवलास ते लिहिलेलं नाहीस. त्याने विचारलंय. खोली बदलली असशील तर उलट टपाली पत्ता कळव. नाहीतर पाकिटावरचा आहे त्याच पत्त्यावर, बुधवारी, २७ तारखेला, पहिल्या बसने निघते. गोदामात सुट्टी मागून ठेव.

अकराच्या सुमारास पोचेन.

मावशी